पारनेरकर मास्तरांचे आभार

ता. ७ जून १९३८, मंगळवार. नंदुरबार.
मास्तरांनी कॉलेजसाठी शिफारसपत्र दिले. पाकीट लाख लावून बंद केलेले. पाया पडलो तर म्हणाले, "आभार आत्ताच नकोत रे उत्तम. आधी प्रिन्सिपॉलसाहेबांना वाचू दे." केवढा हा विनय!
एका गोष्टीचे आभार मात्र मानायचे होते, ते राहिलेच. हिवाळ्यात वर्गात खोकलो तेव्हा रुमालावर रक्त आले. पाहिले ते फक्त मास्तरांनी. स्वतःचा रुमाल दिला, कुणाजवळ बोलले नाहीत. मीही नाही. घरी कुणालाच माहीत नाही.

ता. ११ जून, शनि. पुणे.
संपले.
प्रिन्सिपॉलसाहेबांनी पत्र दोनदा वाचले. चष्मा काढला. "तुमचे शिक्षक तुमच्याविषयी फार चांगले लिहितात. गणितात असा विद्यार्थी वीस वर्षांत पाहिला नाही म्हणतात." मी खाली मान घालून उभा. मग म्हणाले, "रक्त कधीपासून पडते?"
म्हटले, हिवाळ्यापासून.
डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटे वाजवून पाहिली. क्षय. वसतिगृह नाही, कॉलेज नाही. घरी जा, दूध प्या, मोकळ्या हवेत निजा. बरे वाटले तर पुढच्या वर्षी बघू. 'वाटले तर' हे त्यांनी असे काही म्हटले की

ता. १४ जून, मंगळ. सारंगखेडे.
दोंडाईच्याहून गाडीवाट, मग नावेतून तापी ओलांडून घरी. सांगितले, जागा भरल्या. बापू म्हणाले, "बरं झायं. पेरनीले हात कमी शे." आईने गरम भाकर वाढली.
दादाच्या शेजारचे माझे अंथरूण ओट्यावर आणले. उकडते म्हणालो.

ता. १५.
दिवसभर एकच विचार. पत्रात ती ओळ लिहायची काय गरज होती? नसतीच लिहिली तर कुणाला कळले असते? ज्यांच्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवला, त्यांनीच.

ता. १७ जून, शुक्र.
आई मागे लागली आहे. "जागा भराई गयी, त्यामा मास्तरना काय दोष? त्यासनी तुन्हासाठे चिठी लिखी ना? जाय, पाय पडी ये." उडदाचे पापड बांधून ठेवलेत. पेरणीच्या घाईत कधी लाटले कोण जाणे.
नाही कसे म्हणू? काय सांगून नाही म्हणू?

ता. १९ जून, रवि. नंदुरबार.
गेलो. मास्तर ओसरीत वह्या तपासत होते. मला पाहून पेन खाली ठेवले. पापडांचे गाठोडे पुढे केले. म्हटले, आईने आभार सांगितलेत.
"आणि तू?"
मी गाठोडे ओसरीत ठेवले.
"मीच लिहिले ते," म्हणाले. "तीन दिवस पाकीट बंद करवत नव्हते. उत्तम, वसतिगृहात एका खोलीत तिघे राहतात."
मी ओरडलोच. "मग मला का नाही सांगितलंत? त्या परक्या माणसाच्या तोंडून का ऐकवलंत?"
त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "धीर झाला नाही. ते चुकलेच माझे."
मॅट्रिकपर्यंत कधी मास्तरांच्या तोंडून 'माझे चुकले' ऐकले नव्हते. तिथे थांबवेना. चहा न घेता उठलो. आभार मानले नाहीत, ना त्या रुमालाचे, ना कशाचे.

ता. २१.
संध्याकाळी पुन्हा रक्त. परसात जाऊन थुंकलो, वर माती ओढली.
'एका खोलीत तिघे.' मी ओट्यावर निजतो ते दादासाठीच ना? मग रागावलो कशासाठी? तरी राग जात नाही.

ता. २४ जून, शुक्र.
टपालाने मास्तरांचे पाकीट. आत दुसरे शिफारसपत्र, या वेळी उघडे. दक्षिणेकडे डोंगरावर क्षयाचे इस्पितळ आहे, तिथल्या डॉक्टरांच्या नावे. सगळे वाचले. मी हुशार आहे, बोलतो कमी, दुखले तरी सांगत नाही, म्हणून त्यांनी स्वतःहून विचारत जावे. शेवटी: 'मुलगा मला पोटच्यासारखा आहे.' सोबत मला दोन ओळी: खाट मिळायला वर्षही लागते, तरी पाठवतो आहे. घरच्यांना खरे सांग.
आईने विचारले, "कोनी चिठी?"
"मास्तरांची."
"त्यासनी दुसरं कालेज पाही दिन्हं का?" तिचा चेहरा असा काही उजळला.
मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. ती तशीच ओल्या हातांनी शेजारी सांगायला गेली. "देवमानूस शे मास्तर," ओट्यापर्यंत ऐकू येत होते.

ता. २५ जून, शनि.
खोकला फार. आईने पेठेतून पोस्टाचे पाकीट आणवले. म्हणते, उपकारनी चिठी आजच लिख, मन्हा बी नमस्कार टाक.
समोर बसली आहे. मी काय लिहितो ते तिला वाचता येत नाही. झाले की मोठ्याने वाचून दाखव म्हणते.
'गुरुवर्य मास्तरांचे चरणी सा. न. वि. वि.' एवढे झाले. पुढे