व्याह्यांचं टेबल

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. पुढच्या खोलीतला लाकडाचा भुसा झाडून झाला, हात धुतले आणि लिहायला बसलो.

प्रिय ताईस,

नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, एरवी ठीक. तू आणि भाऊजी मजेत असाल. फोनवर मी दोन वाक्यांनंतर गप्प होतो हे तुला माहीत आहे, म्हणून पत्र. शाळा नववीत सुटली तरी शब्द तपासून लिहायची सवय सुटली नाही, त्यामुळे वेळ लागतो.

बातमी अशी, की माझं लग्न ठरलं आहे. आज दुपारी ते पाऊण तास मोडलं होतं. आता पुन्हा ठरलं आहे. घाबरू नकोस.

मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते. माझ्यासारखी घाबरट नाही. तिचे वडील सुतार आणि आपले बाबा फरशी बसवणारे. दोघांचाही जन्म मापं घेण्यात गेला आणि दोघांनाही आपलंच माप खरं वाटतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

आज दोन्ही घरांचं पहिलं एकत्र जेवण आपल्याकडे होतं. सहा माणसं बसतील एवढं टेबल आपल्याकडे नाही, असं मी तिला सहज बोललो. ती घरी सहज बोलली. काल सकाळी दारात टेंपो उभा. आत सासऱ्यांनी स्वतः बनवलेलं टेबल.

बाबा टेंपोवाल्यावरच घसरले. "आजवर आम्ही काय ताटं हातात धरून जेवत होतो?"

"मला काय माहीत काका, मी भाडं घेतो."

टेबल मांडलं आणि ते डुगडुगलं. खिडकीकडचा पाय टेकत नव्हता. खोलीत ते दुसरीकडे मावत नाही, म्हणून त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, दाबून पाहिलं आणि निर्धास्त झालो. आज पाहुणे यायच्या आधी आईने केर काढला. पुठ्ठाही केरात गेला.

सूप वाढून झालं. सासऱ्यांनी आरामात कोपर टेकवलं, टेबल कललं आणि एक वाडगा घसरत थेट सासूबाईंच्या मांडीत, तिथून खाली, खळ्ळकन.

"भाजलं नाही हो, भाजलं नाही," त्या सांगत होत्या. ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

"पाय आखूड राहिलेला दिसतोय," बाबा म्हणाले. काय गोड आवाज लावला होता!

"तीस वर्षांत माझ्या हातून पाय आखूड राहिलेला नाही. जमीन बघा तुमची."

"माझी जमीन? अहो, इथे गोटी ठेवली तर जागची हलत नाही."

"पाहुण्यांपुढे लाजत असेल."

बाबांनी आतून पातळी तपासायची पाणसळ आणली. सासऱ्यांनी पिशवीतून आपली काढली. जेवायला येताना ती पिशवीत कशाला ठेवली होती, हे मी विचारलं नाही. दोन्ही पाणसळी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींतले बुडबुडे एकाच बाजूला सरकले. एवढ्यावर तरी मिटावं की नाही?

"तुमची कधीतरी हातातून पडलेली आहे," बाबा म्हणाले.

"मग तुमचीही पडली असणार. तेवढीच."

"सूप गार होतंय," आई म्हणाली.

त्यावर सासरे उठले. "ज्याला आपल्या पायाखालची जमीन कळत नाही, त्याच्या घरात मी मुलगी द्यायची?"

"नका देऊ! आम्ही मागायला आलो नव्हतो."

खरं तर गेलो होतो. दोनदा.

"चपला घाला," सासरे बायकोला आणि मुलीला म्हणाले. सासूबाईंनी घातल्या. ती मात्र जागची हलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बसून वाडग्याचे तुकडे वेचत होतो. एवढंच जमत होतं मला.

आता इथून पुढचं लिहायला जड जातंय. त्यांच्याशी पहिली भेट झाली तेव्हा बाबांनी सांगितलं होतं, मला एकच मुलगा. मी शेजारी बसून चहा ढवळत होतो. नंतर तिला एकटीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या घरीही तूच सांग." ते मी आजपर्यंत टाळलं.

निघता निघता सासऱ्यांना राहवलं नाही. ते गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली डोकं घातलं. आतून आवाज आला, "सापडलं! सगळी फरशी पांढरी आणि ही एकच करडी लादी. कोपरा दबलाय. कोणत्या गाढवाने बसवली ही?"

"माझ्या मुलीने," बाबा म्हणाले.

ताई, पाच वर्षांत हा शब्द मी बाबांच्या तोंडून ऐकला नव्हता. तू भाऊजींशी लग्न केलंस तेव्हापासून नाही. आईचा हात पातेल्यावर तसाच राहिला.

सासरे टेबलाखालून बाहेर आले. "मुलगी? तुम्हाला तर एकच मुलगा."

"दोन आहेत. ती मोठी."

"वय काय होतं तिचं, ही लादी बसवली तेव्हा?"

"चौदा. मी कामावरून आलो तर हिने फुटकी लादी काढून दुसरी बसवून टाकलेली. वर मलाच म्हणते, मजुरी द्या."

"दिलीत?"

"निम्मी. कोपरा दबला होता ना."

मागच्या वर्षी आम्ही सगळी खोली नव्याने केली. तुझी लादी उचलायला मी छिन्नी लावली, तेव्हा बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि चहा प्यायला बाहेर गेले. हे मी तुला तेव्हाच लिहायला हवं होतं.

"म्हणजे ही काढायची नाही," सासरे म्हणाले.

"नाही. हवं तर टेबल घेऊन जा."

सासऱ्यांनी चपला काढल्या. "एक पाय वाढवायचा तर ठिगळ लावावं लागेल. ठिगळ मी लावत नाही. बाकीचे तीन तासतो."

रंधाही त्याच पिशवीत होता. टेबल उलटं केलं, बाबांनी पाय धरले.

"बास, बास, जास्त निघतंय!"

"तुम्ही सिमेंट कालवा हो. लाकूड मला कळतं."

टेबल सुलटं केलं. बाबांनी दोन्ही हातांनी दाबलं. हललं नाही.

"हे आता जगात फक्त इथेच नीट उभं राहील," सासरे म्हणाले. "दुसरीकडे विकायची सोय गेली. लग्न लावावंच लागणार."

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "आणि मोठीला कधी बोलावताय?"

"तिला वेळ असेल तर येईल."

"विचारलंय कोणी तिला?" आई म्हणाली, आणि उत्तराला न थांबता सूप गरम करायला आत गेली.

लग्न २२ मार्चला, शनिवारी, सकाळी अकरा वाजता आहे. बाबांनी तुला बोलावलंय असं मी लिहिणार नाही, कारण तसं त्यांनी म्हटलेलं नाही. मी मात्र बोलावतो आहे. पाहुणे गेल्यावर बाबांनी टेबल पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग मला विचारलं, "तिकडून इथपर्यंत यायला-जायला किती लागतात?" मी सांगितलं. त्यांनी आतून पैसे आणले आणि माझ्यासमोर या पत्राच्या पाकिटात ठेवले. हे हिशोबात लिहू नकोस, असं बजावलं आहे. पण हिशोबातून काही गाळणं मला जमत नाही.

तुझी वाट बघणारा,
तुझा धाकटा भाऊ

काल-आजचा खर्च :
जेवणाचं सामान — ६४०
टेंपो — ३५०, पैकी दिले २००, देणं १५०
फुटलेला वाडगा, शेजारच्या काकूंचा — देणं ६०
एका माणसाचं यायचं-जायचं तिकीट, मी बाबांना सांगितलं ते — ४२०
बाबांनी पाकिटात ठेवले — ८४०. चुकून जास्त ठेवलेत का, असं विचारलं. म्हणाले, "बरोबर आहेत."