कंदील पुढे गेला

१२ मे, मंगळवार
होडी सापडली. दक्षिणेकडच्या खडकांत, उपडी. बंदरावरच्या हवालदारांनी फोनवर दुजोरा दिला. दादा सापडलेला नाही.

काल संध्याकाळी नेहमीसारखा एकटाच खोल पाण्यात गेला. निघताना बाबांना चिडवलं — "आज तरी मासा आणा, रोज काय शेवाळ!" बाबा किनाऱ्यावरून गळ टाकतात. उन्हाळाभर दोघांचा हाच क्रम.

वहिनी रडत नाही. "यांना आंघोळीला पाठवलं की तासभर बाहेर येत नाहीत. पाण्यात काय व्हायचंय यांना!" म्हणते आणि घासलेली भांडी पुन्हा घासते.

१३ मे
संपादक म्हणाले, "घरचं आहे, तू नको लिहूस." बातमी मीच लिहिली. चार ओळी. 'होडी खडकांकडे कशी गेली, हे समजू शकलेले नाही.'

खरंच, गेलीच कशी? खाडीच्या तोंडाशी नुसती वाळू. बाबा तिथेच बसतात, काठीला कंदील टांगून. अंधारलं की दादा त्या कंदिलाच्या रोखाने होडी आत आणतो. इतक्या वर्षांत कधी चुकला नाही.

१४ मे
जाळी दुरुस्त करणारा शेजारी सहज बोलून गेला — "कंदील तर खडकांकडे होता त्या दिवशी."

बाबांना विचारलं. गळाची दोरी गुंडाळत होते. मान वर केली नाही.

"मासे तिकडे लागत होते गं. एकामागून एक! उजेडाशिवाय आमिष कसं लावणार? म्हटलं, तो यायच्या आत परत येऊ."

दोरी गुंडाळून झाली, तेव्हा — "मोठा लागला होता. त्याला दाखवायचा होता."

आईला सांगितलं नाही. बाबांनीही नाही. ताटं तशीच उचलली.

१५ मे
काही नाही. शोध चालू. बाबा दिवसभर किनाऱ्यावरच.

१६ मे, शनिवार
दादा जिवंत आहे!! एका मोठ्या मच्छीमार बोटीने उचललं होतं. त्यांचा वायरलेस बंद. आज दुपारी दूरच्या बंदराला लागली. वहिनी फोन धरून जमिनीवरच बसली. आत्ता रडली.

मग मी घेतला. त्याचा पहिला प्रश्न — "बाबा बरे आहेत ना? कंदील भलतीकडे दिसला. वाटलं, त्यांनाच काही झालं, म्हणून तिकडे बोलावतायत."

बाबांना सांगायला धावले. किनाऱ्यावर नाहीत. शेजाऱ्याची होडीही नाही. "सकाळीच घेऊन गेले. मुलाला आणतो म्हणाले. नाही कसं म्हणू, ताई?"

१६ मे, संध्याकाळ
वारा चढला. शोधाच्या सगळ्या होड्या परत आल्या. बाबा आलेले नाहीत. हवालदारांनी दुजोरा दिला. उजाडल्यावर शोध पुन्हा सुरू होईल. दादा तोवर पोचेल — शोधाच्या होडीत मीच बसणार म्हणतो.