बागेतल्या डब्याचा छोटा कप्पा

कवठे महांकाळ,
रविवार

प्रिय हवालदारसाहेब,

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. ‘हात लावू नकोस, आता कायमचाच येतोय, मग बघतो,’ एवढं म्हणून मोकळे! म्हणून पत्र. आता निमूट शेवटपर्यंत वाचायचं.

बागेतला हवामान मोजणारा डबा चालू झाला. मी केला. विजेच्या लपंडावात त्याच्या मेमरी कार्डावरचा सेटिंगचा छोटा कप्पा, तुमचं ते पार्टिशन, बिघडला होता, त्यामुळे पानांवरचा ओलावा कळेनासा झाला. द्राक्षं फुलोऱ्यात, वर आभाळ भरलेलं. बुरशीचं औषध कधी मारायचं ते कुणाला विचारू? त्यात आत्याबाईंचं रोजचं सुरू, “दिग्विजय असता तर कवाच चालू केलं असतं त्यानं.” असा राग यायचा मला! तुमचा नव्हे, डब्याचा. बरं, थोडा तुमचाही.

मागच्या सुट्टीत तुम्ही दाखवलं होतं अगदी तसंच केलं. कार्ड लॅपटॉपला लावून तो कप्पा नव्याने फॉरमॅट करायला घेतला, तर तुमची ती एक्सएफएस फाइल सिस्टीम काही केल्या होईना. मोबाइल दुकानातला पप्पू म्हणाला, “वैनी, कार्ड गेलं हे. टाकून द्या.” नवं आणलं, त्यावर तेवढाच कप्पा पाडला, तर तीच एरर! तेव्हा माझं डोकं जाग्यावर आलं. नवं कार्डही खराब कसं असेल? मग चिडचिड बाजूला ठेवून एररची ओळ नीट वाचली. तीनशे एमबीपेक्षा मोठी जागा हवी म्हणत होती, आणि आपला कप्पा पुरता शंभराचाही नाही. तुमच्या वेळी चालत होतं, पण लॅपटॉप अपडेट झाल्यापासून ती लहान जागेत बसायलाच तयार नाही. कप्पा वाढवायचा तर शेजारचा बागेच्या जुन्या नोंदींचा कप्पा सरकवावा लागला असता. ते नको म्हटलं. जुन्याच कार्डावर, थोडक्या जागेत भागवणारी ईएक्सटी-फोर घातली. लगेच झालं! सुरू होताना डबा जुनीच फाइल सिस्टीम शोधत होता, तेही बदललं.

ओलावा दिसला, फवारणी वेळेवर झाली, घड शाबूत आहेत. आत्याबाई आता गल्लीभर सांगत फिरतात, “आमच्या सुनंनं केलं, कुनाला बोलवाय लागलं न्हाई.” काल शेजारचे नाथाजीमामा त्यांचाही डबा घेऊन आले. खरं सांगू, माझी मान ताठ झालीय आणि मला ती खाली घ्यायची नाही.

आत्याबाईंच्या तोंडून कळलं. तुम्ही कायमचे येताय ते लष्करातली नायब सुभेदारीची बढती नाकारून, म्हणे शिवांजलीला एकटीला झेपत नाही. अहो, एवढी वर्षं ज्याच्यासाठी घाम गाळलात ते माझ्या नावावर सोडू नका. बढती घ्या. माझ्या आठवणीनं यावंसं वाटलं तर उद्या या, मी वाटच बघतेय. पण डब्यासाठी येऊ नका. डबा चालू आहे.

तुमचीच,
शिवांजली