बर्फीचा डोळा

१९ नोव्हेंबर
मितालीच्या घरी आमचं कळलं. तिच्या भावानं, अभिनवनं, त्यांच्या गेटवरच माझी कॉलर धरली — "मछली बेचनेवाला हमारे घर रिश्ता करेगा?" माझाही हात उठला. ती वर गॅलरीत उभी होती, तिनं पाहिलं.
संध्याकाळी तिचा मेसेज — "सुन ना, गुस्सा मत कर. मी बाबांशी बोलते. काहीही झालं तरी थांब, समीर."
थांबतो.

२३ नोव्हेंबर
आई म्हणाली, "बीएस्सी सोडली, आता त्या पोरीचा नादही सोड." ताट सरकवून निघालो.
मोहन नगरला, मी काम करतो त्या शोभेच्या माशांच्या दुकानात, एक गिऱ्हाईक भांडायला हजर. रेड ऑस्कर मासा म्हणून टायगर ऑस्कर दिला म्हणे. लहानपणी दोन्ही काळपट, अंगावर पांढऱ्या रेघा. मोठं झालं की टायगरवर केशरी छपके येतात, रेडचं सगळं अंग लाल होतं. हे सांगितलं तर म्हणे उलटून बोलतो. मालक शेषरावकाकांनी मले मागे पाठवलं — "तू टाक्या धू. तुझ्या तोंडानं दुकान बंद पडते बाप्पा."
पांढऱ्या ऑस्करचं वेगळं. तिथं रंग पाहून काही कळत नाही, डोळा पाहावा लागतो. लाल असला तर अल्बिनो, काळा असला तर ल्युटिनो. मितालीला अल्बिनो दिला तेव्हा हे टॉर्च मारून दाखवलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे ही रडून आलेली दिसते." नाव ठेवलं बर्फी. नंतर दुकानात आली की टाक्यांसमोर उभी राहून एकेकाचा डोळा बघत ओळखायची — हा अल्बिनो, हा ल्युटिनो. एकदाही चुकली नाही.

३० नोव्हेंबर
मितालीचे मेसेज — "बिझी आहे." "नंतर बोलू." बस, इतकंच. "सुन ना" पण नाही.
मी लिहिलं, बर्फीचा फोटो तरी पाठव.

१ डिसेंबर
अहिवाऱ्याला टाकी बसवायला गेलो. दिवसभर धूळ खाल्ली. फोटो नाही.

२ डिसेंबर
आला. वर लिहिलेलं — "मुलगा पसंत आहे. रायपूरला इंजिनिअर. तू मासेच वीक. बर्फी मजेत आहे, तूही मजेत रहा."
डोकं फिरलं. फोटो नीट पाहिलाही नाही. लिहिलं — "तुझ्यासोबत टाइमपासच करून राहिलो होतो. कर लग्न." पाठवलं. लगेच वाचलं गेलं.
बरं झालं.

५ डिसेंबर
बरं झालं नाही.

९ डिसेंबर
बाजारात गयाबाई भेटली, मितालीच्या घरी धुणीभांडी करते. विचारायचं नव्हतं, विचारलं.
"लग्नाले हो म्हनली न पोरगी. पयले नाहीच म्हने. जेवे बी नाही. मंग भावानं काय दाखवलं मोबाइलमंदी त देव जाने. रातभर रडली, सकाळी उठून हो म्हनली."
"कोणाच्या मोबाइलमध्ये?"
"तिच्याच. तो त कवाचा अभिनवभाऊपाशीच हाय."
दुकानात येऊन फोटो उघडला, मोठा केला.
डोळा काळा.
ही बर्फी नाही. मितालीनं हा फोटो मले पाठवलाच नसता. डोळा मी पाहणार, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही.
काकांना दाखवला. "हा त आपलाच ल्युटिनो. तू अहिवाऱ्याले गेला होता त्या दिवशी एक पोट्टा घेऊन गेला. घरचा मेला म्हणे, कोणताही पांढरा द्या. घाईत होता." मग माझ्याकडं पाहून — "कावून रे, काय झालं?"
तिच्या गेटवर गेलो. कुलूप. शेजारी म्हणाले, नागपूरला गेले, लग्न तिकडंच.

१० डिसेंबर
१९ तारखेनंतर तिच्या नावानं आलेलं सगळं अभिनवनं लिहिलं. तिच्यापर्यंत पोचलं ते एकच वाक्य, आणि ते माझं होतं.