माझे विमान खांबावर टांगू नये

मी, आयव्ही जोसेफीन मॅककस्कर, वय ८१, पतीच्या पश्चात एकटी, मेंढपाळीतून निवृत्त, राहणार टूलाबी स्टेशन, कोरेला क्रॉसिंगपासून साठ मैल, क्वीन्सलँड, आज हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा पुतण्या गार्थ ते सहजी मान्य करणार नाही. हात थोडा कापतो, पण अक्षर माझेच आहे. कोणी धमकावून किंवा लाडीगोडी लावून हे लिहवून घेतलेले नाही. लाडीगोडी गार्थने लावून पाहिली. तिचे फळ कलम दोनमध्ये आहे. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. जमीन मी विकून टाकली आहे; घर, धावपट्टी आणि विमानाची शेड तेवढी राखली आहे. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत जे असेल ते कोरेला क्रॉसिंगच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला द्यावे. ते लोक बोलावल्यावर येतात. आमच्या घराण्यात हा गुण कोणातही नाही.

कलम २. गार्थ मॅककस्कर हा माझ्या दिराचा मुलगा. त्याचे हायवेवर मोटेल आहे. माझे चार आसनी विमान त्याला मोटेलसमोर खांबावर टांगायचे आहे.

"काकू, प्रत्येक ट्रकवाला वळून बघेल!" तो म्हणाला. "पंखांना रंगीत दिवे लावू."

"आणि इंजिन?"

"ते काढूनच टाकू की. उगाच ओझं कशाला?"

विमानातले इंजिन ज्याला ओझे वाटते, त्याला माझ्या धावपट्टीवरची वाऱ्याची दिशा दाखवणारी फाटकी कापडी पिशवी द्यावी. तीही खांबावरच लटकते आणि तिच्यातही नुसता वारा भरलेला असतो. याव्यतिरिक्त माझ्या मिळकतीवर त्याचा कसलाही हक्क नाही.

कलम ३. माझ्या हत्यारांच्या लाल पेटीतील एकही पाना नेव्हिल स्ट्रीक याच्या हाती जाऊ नये. नेव्हिल हा परवानाधारक विमान मेकॅनिक. आता वय ८८, मुक्काम गावचा वृद्धाश्रम. गावात त्याचीच गोष्ट खरी मानली जाते, म्हणून खरे काय ते येथे नोंदवते.

१९८८च्या उन्हाळ्यात माझे इंजिन उड्डाणानंतर साधारण पाऊण तासाने आचके देऊ लागले. दोनदा मी विमान कसेबसे खाली आणले. दोन्ही वेळा नेव्हिलने इंजिन जमिनीवर दहा मिनिटे चालवून पाहिले आणि ते छान चालले. पहिल्यांदा त्याने कार्बुरेटर बदलला, दुसऱ्यांदा सगळे प्लग. मग वार्षिक तपासणी पूर्ण झाल्याची सही ठोकली आणि नोंदवही माझ्याकडे भिरकावली.

"आयव्हीबाई, यंत्र ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बिघाड सीटवर बसलाय."

शेडमधले चारही पुरुष हसले. त्यांत माझा नवरा होता. त्याला मी पुढे माफ केले. तो निदान मटण बरे भाजायचा.

तीन आठवड्यांनी शेजारच्या थेल्मा नोक्सचे अपेंडिक्स फुटले. रुग्णांना नेणारे डॉक्टरांचे विमान दुसऱ्या टोकाला गेलेले, आणि इस्पितळ रस्त्याने दहा तासांवर. मी थेल्माला मागच्या सीटवर आडवी केली आणि निघाले. बेचाळिसाव्या मिनिटाला इंजिन खोकले आणि बंद पडले.

"आयव्ही, एवढं शांत कसं झालं गं?" तिने मागून विचारले.

"खाली उतरतोय."

"पोचलो?"

"नाही. तू डोळे मीट."

एका सुकलेल्या तळ्याच्या टणक तळावर मी विमान टेकवले. इंधन आहे की संपले, हे बघायला पंखावर चढून टाकीचे झाकण पिळले. ते सुटेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा झाकण निघाले आणि बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखी टाकीने हवा आत ओढली. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती.

तेव्हा मला कळले. टाकीतले इंधन कमी होते तशी बाहेरची हवा आत जावी लागते. पंखाखाली त्यासाठी बोटाएवढी नळी असते. ती बुजली की इंधन इंजिनाकडे उतरत नाही. जमिनीवर आल्यावर झाकणाच्या फटींतून हवा हळूहळू आत झिरपते आणि सगळे सुरळीत होते. नेव्हिलने दहा मिनिटांऐवजी दहा वर्षे जमिनीवर इंजिन चालवले असते तरी त्याला काही सापडले नसते. नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. कुंपणाच्या तारेने उकरले तेव्हा मातीबरोबर तिच्या अळ्याही खाली पडल्या. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झाले. थेल्मा त्यानंतर सव्वीस वर्षे जगली आणि त्यातली बरीचशी तिने माझ्या केकला नावे ठेवण्यात घालवली.

नेव्हिल मात्र पबमध्ये सांगत सुटला, "नळी बघ म्हणून मीच बजावलं होतं तिला." पस्तीस वर्षे लोक त्या थापेवर त्याला बियर पाजत आले.

कलम ४. विमान, शेड, धावपट्टी आणि लाल पेटी थेल्माची मुलगी लॉर्ना नोक्स हिला द्यावी. ती गुरांची डॉक्टर आहे. दोन वर्षांपूर्वी इंजिन थरथरू लागले तेव्हा ठिणगीच्या यंत्रात दोष आहे, असे मी छातीठोकपणे सांगितले.

"मावशी, तुम्ही नुसतं ऐकून सांगताय," ती म्हणाली. "हात लावून बघितलंत का?"

मी बघितले नव्हते. इंजिन बंद होताच तिने चारही सिलिंडरांवर पाण्याचे थेंब टाकले. तीन सिलिंडरांवर चुर्र झाले. चौथ्यावर थेंब तसाच बसून राहिला; तो थंड होता, म्हणजे पेटतच नव्हता. दोष तिथे होता. मी दोष दिलेले ठिणगीचे यंत्र निर्दोष निघाले. मला तोंडावर खोटे पाडून वर चहा मागणारी ही एकच व्यक्ती मला भेटली. अट एवढीच, की महिन्यातून एकदा तरी विमान उडवावे. उभे इंजिन आतून गंजते.

कलम ५. हे लॉर्नाला ठाऊक नाही. उड्डाणापूर्वी तपासायच्या गोष्टींची यादी मी दर वेळी हाताने भरते. थेल्माला नेले त्या दिवसाचा कागद पलंगाशेजारच्या कप्प्यात आहे. त्यावर नववी ओळ आहे, "टाकीची हवेची नळी मोकळी". पुढे बरोबरची खूण आहे, माझ्या हातची. मी पंखाखाली वाकले नव्हते. थेल्मा कण्हत होती, घाई होती, असे म्हणता येईल. पण आधीच्या दोन उड्डाणांच्या कागदांवरही तीच खूण आहे, आणि तेव्हा कोणी कण्हत नव्हते. नेव्हिलने न बघता एकदा सही केली. मी तीनदा.

ते तिन्ही कागद लॉर्नाने स्वतः वृद्धाश्रमात नेऊन नेव्हिलला द्यावेत. टपालाने पाठवू नयेत. त्याला दिसत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवावेत. तो हसेल. त्याला पोटभर हसू द्यावे, आणि ते संपेपर्यंत तिने माझ्या वतीने तेथे उभे राहावे.

सही: आयव्ही जो. मॅककस्कर

आम्ही हे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले आणि मगच बाईंच्या व एकमेकींच्या समक्ष सही केली. त्याआधी बाईंनी पेन हाती दिले नाही.

साक्षीदार: १) एस्मे हॅनिगन, पोस्टमास्तर
२) रेनाटा वुकोविच, शिक्षिका

कोरेला क्रॉसिंग, दि. ९ मे २०२३