अराक्सीच्या विरजणाची तजवीज

मी, कांचन त्र्यंबक उपळेकर, वय एक्क्याऐंशी, राहणार मुलाच्या घरी, श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र माझ्या हातानं आणि राजीखुशीनं लिहिते. शाळा चौथीपर्यंत, म्हणून अक्षर वाकडं. डोकं मात्र सरळ आहे, तसं डॉक्टरणीनं लिहून दिलंय. याआधी मी कधी मृत्युपत्र केलं नाही, तेव्हा रद्द करण्यासारखंही काही नाही.

१. सांगलीच्या घरातला माझा हिस्सा मुलगा चंद्रशेखर याला. त्यानं तो खुशाल विकावा, रडत बसू नये.

२. पाटल्या आणि मोहनमाळ सून अस्मिता हिला. पितळी पातेलं माझ्या नणंदेला अजिबात देऊ नये. लग्नाला म्हणून मागून नेलेली परात तिनं अजून परत केलेली नाही.

३. आता खऱ्या मुद्द्याचं बोलते. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातलं दही. ते शेजारच्या अराक्सीचं. ती आर्मेनियन. तिची आजी मरियम, अठराशे शहाण्णव साली तुर्की सुलतानाच्या माणसांनी गाव जाळलं तेव्हा पळाली. पोरच होती. निघताना आईनं एक फडकं दह्यात बुडवून, वाळवून तिच्या पोटाशी बांधलं. आई मागेच राहिली. वाटेत कानातलं गेलं, बांगड्या गेल्या, बोटीवर धाकटा भाऊ गेला. मळकं फडकं कोण हिसकावणार? इथे जवळच, वूस्टरला, तारेच्या कारखान्यामागच्या खोलीत, तिनं ते कोमट दुधात भिजवलं. दही लागलं तेव्हा आईला हाका मारून रडली म्हणे. आईचं पुढे काय झालं, ते तिला मरेपर्यंत कळलं नाही.

हे मला अराक्सीनं सांगितलं, तिच्या इंग्लिशमध्ये आणि माझ्या हातवाऱ्यांत. तिला मूलबाळ नाही. हॉस्पिटलात जाताना विरजणाची वाटी माझ्या हाती दिली. "कांचन, यू हॅव चिल्ड्रन," एवढंच म्हणाली. परत आली नाही.

४. अस्मिताला या मृत्युपत्रानं माफी. पाडव्याला मी दवाखान्यात असताना तिनं सगळंच दही बांधून श्रीखंड केलं. विरजणाला चमचाभर ठेवलं नाही! मी घरी आले तर वाटी घासून पालथी. मी जेवलेच नाही.

"आई, दुकानातलं आणते ना, सेमच असतं."

सेम म्हणे!

तेवढ्यात नात स्वानंदी ओरडली, "आजी, वेट! ते चक्क्याचं फडकं!" ते नळावर तसंच लटकत होतं, न धुतलेलं, वाळून कडक झालेलं. अस्मिताच्या आळसाला देव उदंड आयुष्य देवो. पोरीनं ते कोमट दुधात बुडवलं. सकाळी चमचा उभा राहील असं दही! मी किती हसले आणि मग किती रडले, ते घरच्यांनी पाहिलंय.

५. म्हणून ते विरजण आणि ते फडकं स्वानंदीला. माझी गुणाची बाय ती. शिकायला कुठेही जा, एक तुकडा दह्यात बुडवून, वाळवून पासपोर्टजवळ ठेव.

६. माझ्या दहाव्याला दहीभात याच दह्याचा. इथले कावळे चांगले जाडे आहेत, शिवतील. पानं दोन ठेवा. दुसरं मरियमच्या आईसाठी, तिला कुणी ठेवलं नसेल.

पण भात कालवायच्या आधी चमचाभर दही बाजूला काढा. अस्मिता, वाचतेस ना?

सही : कांचन त्र्यंबक उपळेकर

आमच्यासमोर वाचून, हसून, डोळे पुसून सही केली :
साक्षीदार : संजय खाडिलकर
साक्षीदार : रीमा टिळेकर

श्रूजबरी, १४ मे २०२४