कुसुमआत्या हेदवीला असतात

५ डिसेंबर १९९९
सासरी येऊन आज चार दिवस. सांगलीहून निघताना बाबांनी बजावलं होतं, कोकणातली माणसं तिरकस बोलतात, मनावर घेऊ नकोस. इथे तर माझे लाडच चाललेत! मांडवीच्या या घरात बसल्या जागी समुद्र ऐकू येतो. सासूबाईंनी सोलकढी शिकवली, सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, सारं घर हिंडवून दाखवलं. मागे आंब्याची खोली आहे, हंगामाखेरीज रिकामी. कडी फक्त बाहेरून आणि दाराला खाली वीतभर फट कापलेली. मांजरासाठी का, असं मी विचारलं. आप्पा हसले. घरात मांजर नाही. ओटीवर त्यांच्या बहिणीचा, कुसुमआत्यांचा फोटो आहे. त्या हेदवीला असतात.

८ डिसेंबर
लग्नाची रजा संपली, मुकुल मुंबईला नोकरीवर परतला. जाताना पुन्हा सांगून गेला, गोळ्यांचं घरात बोलू नकोस. आई गेल्यावर माझं मन पार खचलं होतं, तेव्हापासून डॉक्टरांनी रोज एक गोळी दिलीय. तिच्यामुळे मी जेवते, झोपते, हसते. आप्पा रक्तदाबाची गोळी चारचौघांत गिळतात, माझी मात्र साडीच्या घडीत लपलेली. चीड येते.

१३ डिसेंबर
गोळ्या संपत आल्या म्हणून बाजारात औषधाच्या दुकानात गेले. चिठ्ठी वाचून दुकानदाराने विचारलं, आप्पांची सून ना तुम्ही? मी भाजी घेऊन घरी येईपर्यंत बातमी आधीच पोचली होती. कुणी ओरडलं नाही. पण अवनीला, माझ्या नणंदेला, पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहेत. घरात वेड आहे असं कळलं तर तिचं कसं जमायचं, एवढंच सासूबाई दिवसभर म्हणत राहिल्या.

१५ डिसेंबर
सासूबाई आणि आप्पा देवळात कौल लावून आले. गुरवाने देवाला फुलं लावली, गोळ्या बंद कराव्यात का म्हणून विचारलं. उजवं फूल पडलं, म्हणजे होकार. सासूबाईंनी माझ्यादेखत गोळ्या विहिरीत टाकल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अगदी मायेने. तेच जास्त भीतीचं वाटलं.

१८ डिसेंबर
झोप लागत नाही. बसवत नाही. ओटीवरून माजघरात, माजघरातून ओटीवर. गोळी एकदम तोडली की असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. आप्पांना हे समजावलं तर म्हणाले, बघ, आता बाहेर पडतंय. बाबांचा फोन आला. सासूबाईंनी सांगितलं, उर्वी झोपलीय. मी समोर उभी होते!

१९ डिसेंबर
कामाला येणारी जनी आज अंगण सारवताना हळूच म्हणाली, कुसुमबाय हेदवीला कधी गेलीच नाय वयनी, अकरा वर्सं आंब्याच्या खोलीत होती, तिथंच मेली. तेवढ्यात सासूबाई आल्या. जनीला उद्यापासून यायला नको म्हणून सांगितलंय.

२१ डिसेंबर
मुकुलला फोन केला. रडले. तो म्हणाला, पाहुणे जाईपर्यंत आई सांगेल तसं कर. दोनच दिवस —

२३ डिसेंबर
कडी बाहेरून. फटीतून ताट सरकलं — वरणभात, वर तूप. जेवून घे गो बाळ, सासूबाई म्हणतात.
दार वाजवलं तर वेडी ठरेन. नाही वाजवलं तर —

पाहुणे आले. कपबशा वाजताहेत. कुणीतरी विचारलं, सूनबाई दिसत नाहीत?
आप्पांचा आवाज. नेहमीचा, गोड.
ती हेदवीला असते, म्हणाले. आमच्या कुसुमकडे.
मी दार वाज